कळवलं होतं की!

१८ जून २०१९ रोजी उबुंटू या लिनक्स वितरणाच्या चमूने जाहीर केलं, की ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या १९.१० या आवृत्तीपासून ३२-बिट पॅकेजेस बंद. आतल्या हिशेबाने निर्णय रास्त होता. ३२-बिट संगणक केव्हाच अडगळीत गेले होते, आणि त्यांच्यासाठी हजारो पॅकेजेस बांधणं, तपासणं, त्यांतल्या सुरक्षेच्या भेगा बुजवत राहणं हे खर्चाचं काम होतं. पण जुने खेळ, आणि विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’, हे नव्या कोऱ्या ६४-बिट यंत्रावरसुद्धा ३२-बिट लायब्ररींच्याच आधाराने चालत असत. काही दिवसांतच ‘स्टीम’ हे खेळांचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीच्या बाजूने उत्तर आलं: पुढच्या उबुंटूला आमचा अधिकृत पाठिंबा नसेल. २४ जूनला उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीने पाऊल मागे घेतलं आणि निवडक ३२-बिट पॅकेजेस ठेवायचं कबूल केलं. मात्र त्या निवेदनातही एक टोचणी होतीच. हा विषय २०१४ पासून आमच्या खुल्या चर्चांमध्ये आहे, असं त्यात नोंदवलेलं होतं.

थोडक्यात: कळवलं होतं की!

या सबबीची अडचण अशी, की ती खरी असते. मुक्तस्रोत प्रकल्पात सगळंच उघड्यावर चालतं. कोड उघडा, त्यावरचे वाद उघडे, चुकांची नोंदवही उघडी, कुठला निर्णय कुणी कधी घेतला तेही उघडं. या उघडेपणाचा सार्थ अभिमान बाळगता बाळगता या जगाला एक सवय जडली आहे: जे सगळ्यांसमोर ठेवलं ते सगळ्यांना कळलं, असं धरून चालायचं. पण चर्चेच्या जागी रोज हजर असणारी माणसं मूठभर, आणि सॉफ्टवेअर वापरणारी अगणित. स्टीमसारखा पसारा चालवणारी, लिनक्सचे जाणकार पदरी असलेली कंपनी जर गाफील सापडते, तर शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू बसवून देणाऱ्या शिक्षकाने पाच वर्षांच्या चर्चेतून आपल्या कामाची ओळ कशी हुडकायची?

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. सूचना कुठे छापली, किती आधी छापली, कुणी वाचायला हवी होती, हे सगळं नंतर. ज्या दिवशी वापरणाऱ्याला प्रत्यक्ष कळलं, त्या दिवशी त्याच्या हातात काय उरलं होतं, हे आधी बघावं. मुक्तस्रोताचं वेगळेपण परवान्यात आहे, आणि परवाना देतो ते वापरण्याचं, आतून बघण्याचं, बदलण्याचं, वाटण्याचं स्वातंत्र्य. पटलं नाही तर कोड घेऊन वेगळी चूल मांडण्याची मोकळीकही त्यातच आली. पण चूल मांडायला वेळ लागतो. दुसरीकडे जायला वेळ लागतो. जुन्या आवृत्तीवरच थांबायचं म्हटलं तरी ते विचारपूर्वक ठरवायला वेळ लागतो. उशिरा कळलेल्या माणसाचे हे सगळे हक्क कागदावर राहतात. तेव्हा महत्त्वाचा बदल वेळेत कळवणं हे मी शिष्टाचारात धरत नाही; परवान्याने दिलेलं स्वातंत्र्य त्याच्यावाचून पुरं होत नाही.

या कसोटीवर सेंटओएसचं प्रकरण लावून बघण्यासारखं आहे. रेड हॅट कंपनीच्या विकाऊ लिनक्सचाच कोड घेऊन बांधलेली ही फुकट प्रत जगभरच्या सर्व्हरवर, होस्टिंग कंपन्यांत, विद्यापीठांत, प्रयोगशाळांत पसरलेली होती. तिचं मोल एकाच गोष्टीत होतं: ती फारशी बदलत नसे, आणि दहा वर्षं टिकेल अशी हमी असे. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेली आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालणार होती. ८ डिसेंबर २०२० ला प्रकल्पाने सांगितलं, की ती २०२१ च्या अखेरीस संपेल आणि पुढे ‘सेंटओएस स्ट्रीम’ या निराळ्या धर्तीच्या वितरणावरच काम होईल.

सूचना लिहिण्याचे धडे देणाऱ्या कुणालाही त्या निवेदनात फारशी खोट काढता आली नसती. तारीख स्पष्ट, कारण सांगितलेलं, पुढे कुठे जायचं तेही दिलेलं, शंकासमाधान जोडलेलं. तरी लोक भडकले, आणि त्यांचं भडकणं मला पूर्ण पटतं. सगळ्यात वाईट म्हणजे शिक्षा कुणाला झाली हे पाहा. सातवी आवृत्ती धरून आळसाने बसलेल्यांना ३० जून २०२४ पर्यंत अभय होतं. ज्यांनी प्रकल्पाचं ऐकून तत्परतेने आठवीवर उडी घेतली, त्यांच्या हातात उरलं एक वर्ष. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने तर २०१९ मध्ये आपल्या ‘सायंटिफिक लिनक्स’ची पुढची आवृत्ती न काढता सेंटओएस ८ वर जायचं ठरवलं होतं. म्हणजे शब्दावर विश्वास ठेवून स्वतःचं घर मोडलं आणि दीड वर्षात भाड्याच्या घराची मुदत संपल्याचं कळलं. असा अनुभव घेतलेला सर्व्हर सांभाळणारा माणूस यापुढे ‘नव्या आवृत्तीवर लवकर या’ ही कुठल्याही प्रकल्पाची विनंती ऐकेल, तेव्हा मनात म्हणेल, बघू. एक शब्द मोडला की पुढच्या सगळ्या सूचनांची किंमत उतरते, आणि ती त्या एका प्रकल्पापुरतीच उतरत नाही.

नंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण त्यातच मुक्तस्रोताची ताकद दिसते. सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी ‘रॉकी लिनक्स’ सुरू केलं. नाव दिलं दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांचं. क्लाउडलिनक्स कंपनीने ‘अल्मालिनक्स’ काढलं. अल्मा मार्च २०२१ मध्ये आलं, रॉकी जूनमध्ये. वर्ष संपायच्या आत दोन नव्या चुली पेटल्या. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने आणि फर्मीलॅबने पुढे अल्माची निवड केली. तेव्हा एक वर्षाची मुदत अगदीच निरुपयोगी नव्हती. सूचना महिन्याभराची असती तर हे दोन्ही प्रकल्प उभे राहीपर्यंत लोकांनी मिळेल ते विकत घेतलं असतं.

महिन्याभराची सूचनाही एकाने देऊन पाहिली. १४ मार्च २०२३ ला डॉकर कंपनीने आपल्या फुकट ‘टीम’ खात्यांच्या धारकांना ईमेल पाठवला: ही योजना बंद होत आहे, तीस दिवसांत पैसे भरून वरच्या योजनेत या, नाहीतर खातं आणि त्यातला साठा जाईल. या खात्यांत कित्येक मुक्तस्रोत प्रकल्प होते. त्यांनी तिथे ठेवलेल्या इमेजेस (चालवायला तयार अशी सॉफ्टवेअरची गाठोडी) जगभरची यंत्रं आपोआप उतरवून घेत होती. लगेच प्रश्न आला, की उद्या आमचं नाव मोकळं झालं आणि दुसऱ्याच कुणी ते घेऊन त्यात विष कालवलं तर? ईमेलमध्ये याचं उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी कंपनीने जाहीर माफी मागितली. आम्ही हे फार वाईट पद्धतीने सांगितलं, असा त्या माफीचा सूर होता. २४ मार्चला योजनाच बंद करायची नाही असं ठरलं.

या दहा दिवसांतला क्रम मला फार बोलका वाटतो. दोष जर केवळ सांगण्यात होता, तर नीट सांगितल्यावर मिटायला हवा होता. तो मिटला निर्णय फिरवल्यावर. ‘आमचा संवाद कमी पडला’ हे वाक्य आजकाल संस्थांच्या तोंडी फार सहज येतं, कारण त्यात निर्णयाला धक्का लागत नाही आणि खापर मजकुरावर फुटतं. निर्णय चांगलाच, फक्त लोकांना तो कळला नाही. सेंटओएसचं लोकांना लख्ख कळलं होतं. डॉकरचंही कळलं होतं. नीट कळलं म्हणूनच ते संतापले.

खरोखर सांगण्यातच चूक झाली तर काय होतं, याचं उदाहरण सेंटओएसच्याच आठवड्यातलं आहे. कुबरनेटीस हा कंटेनर सांभाळणारा प्रकल्प. त्याच्या १.२० या आवृत्तीच्या बदलनोंदीत डिसेंबर २०२० मध्ये एक ओळ आली, की खालचं रनटाइम म्हणून डॉकरचा आधार आता डेप्रिकेट होत आहे (म्हणजे पुढे काढला जाणार आहे). कुबरनेटीस म्हणजे डॉकर चालवायचं यंत्र, एवढीच ज्यांची समजूत होती (आणि ती बहुतेकांची होती), त्यांच्या पोटात गोळा आला. आता आमच्या सगळ्या इमेजेस फेकायच्या? प्रत्यक्षात काढायचा होता तो ‘डॉकरशिम’ नावाचा कोडचा एक जोड, जो कुबरनेटीसला डॉकरशी बोलायला लावत असे. डॉकरच्या पोटात खरं काम करणारं ‘कंटेनरडी’ थेट वापरता येत होतं, आणि डॉकरने बांधलेल्या इमेजेस पूर्वीसारख्याच चालणार होत्या. बहुतेकांना करायचं काम शून्य किंवा किरकोळ. प्रकल्पाला २ डिसेंबरला ‘घाबरू नका’ अशा मथळ्याचा स्वतंत्र खुलासा लिहावा लागला.

मूळ ओळ खोटी नव्हती. ती कोडच्या बाजूने लिहिलेली होती. लिहिणाऱ्याने आपण काय काढतो आहोत ते सांगितलं. वाचणाऱ्याला हवं होतं, सोमवारी कामावर गेल्यावर मी काय करायचं. प्रकल्पाच्या आत बसलेल्या माणसाला डॉकर आणि डॉकरशिम यांतलं अंतर इतकं परिचयाचं झालेलं असतं, की बाहेरच्याला ते माहीतच नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही. हे कुठल्याही क्षेत्रातल्या जाणकाराचं होतं. पण शेवटी नुकसान किती झालं? थोडं. कारण तो जोड प्रत्यक्षात निघाला तो १.२४ मध्ये, मे २०२२ ला. दीड वर्ष मिळालं. खुलासे झाले, प्रश्नोत्तरं झाली, लोकांनी आपापले क्लस्टर तपासले. वाईट लिहिलेली सूचना भरपूर वेळेने सावरली. उत्तम लिहिलेली सेंटओएसची सूचना वेळेअभावी सावरली नाही. सूचनेच्या भाषेवर चर्चासत्रं घेणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

मग नुसता वेळ दिला की झालं? पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेने अकरा वर्षं दिली. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, आणि पायथॉन २ ची साथ संपली १ जानेवारी २०२० ला. मूळ मुदत २०१५ ची होती. २०१४ मध्ये ती पाच वर्षांनी वाढवली. मुक्तस्रोताच्या इतिहासात इतकी लांब, इतकी वारंवार दिलेली सूचना क्वचितच सापडेल. तरी शेवटच्या वर्षात धावपळ करणारे ढिगाने होते.

याचं एक कारण मराठी माणसाला चटकन कळेल असं आहे. दोन्ही पायथॉनमधला मोठा फरक अक्षरांच्या साठवणीचा होता. पायथॉन २ ची साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटची माळ. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये लिहून तिची लांबी विचारली तर उत्तर येई १५. पायथॉन ३ युनिकोड धरून चालतं, म्हणून तिथे उत्तर ५. (आपण मोजतो ती अक्षरं तीनच, पण तो वाद वेगळा.) देवनागरीत काम करणाऱ्याला पायथॉन ३ म्हणजे सुटका होती, कारण जुन्या भाषेत मराठी मजकूर कापायला गेलं, की अक्षराचा मधूनच तुकडा पडायचा. पण ज्यांचं सगळं काम इंग्रजी मुळाक्षरांत, त्यांना मुळात दुखतच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने हा बदल म्हणजे चालू गाडी थांबवून इंजिन उतरवणं. बदलाचा लाभ एकाला आणि खर्च दुसऱ्याला असा मामला असेल, तर सूचना कितीही वर्षं आधी द्या, दुसरा ती बाजूला ठेवणारच.

दुसरं कारण प्रकल्पाच्या स्वतःच्या गृहीतकात होतं. सुरुवातीची कल्पना अशी, की ‘टू-टू-थ्री’ हे कोड आपोआप बदलणारं साधन एकदा चालवायचं आणि पलीकडे जायचं. पण लायब्ररी लिहिणाऱ्यांना कित्येक वर्षं दोन्ही तीरांवर एकाच वेळी उभं राहायचं होतं, कारण त्यांचे वापरकर्ते दोन्हीकडे होते. त्यांनी आरडाओरडा केला. ‘सिक्स’सारखी जोडलायब्ररी बाहेरून उभी राहिली, आणि २०१२ च्या पायथॉन ३.३ मध्ये प्रकल्पाने काढून टाकलेली, युनिकोड मजकुराआधी ‘यू’ लिहायची जुनी पद्धत परत आणली. माझ्या मते पायथॉन ३ चं नशीब या असल्या छोट्या माघारींनी पालटलं. पूल बांधल्याशिवाय ‘नदी ओलांडा’ असं अकरा वर्षं ओरडून सांगितलं, तरी लोक काठावरच थांबतात. कळवण्याच्या कामात ऐकून घेणं येतं, आणि ऐकल्याची खूण कोडमध्ये दिसावी लागते.

पायथॉनने शेवटी लिहिलेलं निरोपाचं पानही वाचण्यासारखं आहे. आम्ही कोण, तर ही भाषा सांभाळणारे स्वयंसेवक. काय ठरवलं, तर अमुक तारखेनंतर पायथॉन २ मध्ये सुधारणा नाहीत, सुरक्षेची भेग सापडली तरी नाहीत. मग तुम्ही काय करायचं. शाळकरी मुलाला कळेल अशी प्रश्नोत्तरं. आणि त्याहून परिणामकारक ठरलं ते पिप. पॅकेज उतरवणाऱ्या या साधनाने २०१९ पासून पायथॉन २ वर चालताना दर वेळी मुदतीची आठवण छापायला सुरुवात केली.

इथे सूचनेच्या जागेचा प्रश्न येतो, आणि तो मला मजकुराच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मुक्तस्रोत प्रकल्पाला आपले वापरकर्ते कोण हे माहीत नसतं. सॉफ्टवेअर कुणीही उतरवतो, कुणीही पुढे देतो, नाव-पत्ता कुणी विचारत नाही. हा दोष नाही. याच गुणासाठी अनेक जण इकडे येतात. पण ज्याची ओळख नाही त्याला कळवायचं कसं? ओळख करून घ्यायला जावं तर काय होतं ते ऑडॅसिटीने पाहिलं. आवाज संपादित करणारं हे जुनं लोकप्रिय सॉफ्टवेअर म्यूझ ग्रुपने ताब्यात घेतलं, आणि मे २०२१ मध्ये वापराची माहिती गोळा करणारा कोड त्यात घालायचा प्रस्ताव आला. वापरणाऱ्याने होकार दिला तरच ती गोळा होणार होती. तरी गूगल आणि यांडेक्स ही नावं कोडमध्ये दिसताच गदारोळ झाला आणि प्रस्ताव मागे गेला. लोकांना हे कळलं कसं? कोडमधला बदल बघून. सांगायचं ते सांगण्याआधीच उघड्यावर पडलेलं होतं. डेबियन हे लिनक्स वितरण मात्र पॅकेजांच्या वापराची गणती फार वर्षं करतं, बसवतानाच विचारून. तिथे कुणी दंगा करत नाही. आधी विचारणं आणि मागाहून खुलासा करणं यांतला फरक लोक बरोबर ओळखतात.

तेव्हा वापरणाऱ्याचा पत्ता नको, तर सूचना सॉफ्टवेअरमध्येच ठेवावी लागते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने हे एकदा फार सुंदर केलं. पूर्वी नुसतं ‘गिट पुश’ म्हटलं की जुळणाऱ्या नावांच्या सगळ्या शाखा वर जायच्या. नवख्या माणसाचं अर्धवट काम त्यात वाहून जाई. मे २०१४ च्या २.० या आवृत्तीपासून फक्त चालू शाखा जाईल असं ठरलं. आधीच्या आवृत्त्यांत तीच आज्ञा दिली, की गिट सांगायचं: हे वागणं बदलणार आहे, जुनं ठेवायचं तर ही ओळ चालवा, नवं आजच हवं तर ही. दोनपैकी एक निवडलं की सूचना पुन्हा दिसत नसे. ज्याला लागू आहे त्यालाच, काम करत असतानाच, उपायासकट, आणि उत्तर मिळाल्यावर गप्प. बंदच करता येत नाही अशी सूचना चार दिवसांत भिंतीवरच्या डागासारखी दिसेनाशी होते.

डेबियनने हेच तत्त्व दुसऱ्या टोकाने धरलं. प्रत्येक पॅकेजला बदलांची सविस्तर नोंदवही असते, आणि हवी तर ‘न्यूज’ नावाची वेगळी फाइल. नोंदवहीत सगळं जातं. न्यूजमध्ये जातं ते एवढंच, ज्याच्यामुळे यंत्र सांभाळणाऱ्याच्या कामात फरक पडेल. अपग्रेड सुरू होण्याआधी ‘अ‍ॅप्ट-लिस्टचेंजेस’ हे साधन ती न्यूज समोर आणून ठेवतं. करणाऱ्याला आपला प्रत्येक बदल महत्त्वाचाच वाटतो, म्हणून ही गाळणी त्याच्या स्वभावाविरुद्ध जाते. बहुतेक प्रकल्पांच्या रिलीज नोट्समध्ये बटणाचा रंग आणि बंद पडणारी सुविधा एकाच ठशात, एकाच यादीत येतात. सतराव्या मुद्द्यावर तुमचा डेटा जाणार असतो.

टर्मिनल ही जागा लोक किती जपतात, हेही एकदा दिसलं. ऑगस्ट २०१९ मध्ये जावास्क्रिप्टच्या एका पॅकेजने बसवताना प्रायोजकांची जाहिरात छापायला सुरुवात केली. ते पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरला पैसे हवेत ही मागणी न्याय्यच होती. पण जिथे धोक्याची घंटा वाजते तिथे साबणाची जाहिरात नको, असं लोकांनी ठणकावलं, आणि जावास्क्रिप्ट पॅकेजांचं कोठार असलेल्या एनपीएमने पुढे अशा जाहिरातींना बंदी केली.

सॉफ्टवेअरमधली सूचनाही काही जणांपर्यंत पोचत नाही, कारण तिथे वाचणारं माणूसच नसतं. रात्री दोन वाजता आपोआप चालणारी स्क्रिप्ट असते. यावर अलीकडे निघालेला उपाय महाराष्ट्रातल्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. तो आहे भारनियमन. २०१८ मध्ये पायथॉनच्या पायपीआय या पॅकेज-कोठाराला टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या जुन्या, कमकुवत आवृत्त्या बंद करायच्या होत्या. अंतिम तारखेच्या आधी काही आठवडे त्यांनी ठरवून, जाहीर वेळापत्रकाने, काही काही मिनिटं जुन्या जोडण्या नाकारल्या. ज्याने एकही घोषणा वाचली नव्हती त्याची स्क्रिप्ट त्या मिनिटांत पडली, त्रुटीचा संदेश त्याने वाचला, आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा सुरू झालं. आपल्याकडे वीज जायची ती तुटवड्याने. इथे ती जाते मुद्दाम, शिकवण्यासाठी. हा आडदांडपणा आहे असं काही जण म्हणतात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण लहान नुकसान परत फिरवता येतं आणि त्या दिवशी वापरणाऱ्याच्या हातात अजून काही आठवडे असतात.

याहून अवघड प्रकार म्हणजे आपण वापरकर्ते आहोत हेच ज्याला ठाऊक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली भीषण भेग उघड झाली, तेव्हा जगभरच्या कंपन्यांचा पहिला प्रश्न ‘दुरुस्ती कुठे आहे’ हा नव्हता. ‘हे आपल्याकडे आहे का’ हा होता. ती लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीत, ती तिसऱ्या उत्पादनात, आणि ते कुठल्याशा विक्रेत्याने बसवून दिलेलं. पहिली दुरुस्ती अपुरी निघाली; महिन्याभरात एकामागून एक नव्या आवृत्त्या आल्या. ती लायब्ररी सांभाळणारी मंडळी बहुतांशी स्वयंसेवक, रात्री जागून काम करत होती. त्यांनी कळवण्यात कसूर केली असं मी म्हणणार नाही. साखळीतल्या मधल्यांनी आपल्या मालात काय काय घातलं आहे त्याची यादीच ठेवली नव्हती. आता सरकारं घटकांच्या अशा याद्या मागू लागली आहेत. आपल्याकडे ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनेही २०२४ मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. उशिराच, पण योग्य.

ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीने २०१४ च्या ‘हार्टब्लीड’ या आपल्याच भेगेचा धडा घेतलेला दिसतो. २५ ऑक्टोबर २०२२ ला त्यांनी सांगितलं, की १ नोव्हेंबरला ३.० मालिकेतल्या गंभीर भेगेची दुरुस्ती येईल. तपशील दिला नाही. चोरांना तो आधी मिळू नये म्हणून. आठवडाभर सगळे श्वास रोखून बसले, आणि त्या दिवशी भेगेची श्रेणी एक पायरी खाली आणलेली निघाली. बरीच टिंगल झाली. माझ्या मते ती टिंगल करणाऱ्यांनी त्या आठवड्यात मिळालेल्या गोष्टीची किंमतच केली नाही: आपल्या कुठल्या यंत्रावर ३.० आहे आणि कुठल्यावर जुनं १.१.१ आहे हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं, आणि ज्यांच्याकडे १.१.१ होतं त्यांना काही करावंच लागणार नव्हतं.

एवढं सगळं वाचून एखादा मेंटेनर म्हणेल, आम्ही फुकट देतो, परवान्यात ‘जसं आहे तसं’ लिहिलंय, वर आता सूचना, मुदती, पूल, भारनियमन हेही आम्हीच करायचं? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. शनिवार-रविवारी एकट्याने लायब्ररी सांभाळणाऱ्यावर कुणाचंही कर्ज नाही. पण तो एक गोष्ट फुकटात करू शकतो: सुरुवातीलाच लिहावं, की हे मी छंद म्हणून करतो, उद्या मोडेन, भरवसा ठेवू नका. तीही सूचनाच आहे, आणि फार प्रामाणिक. गोष्ट बदलते ती तारीख दिल्यावर. ‘२०२९ पर्यंत’ असं म्हटलं की त्या शब्दावर माणसं खर्च करतात, यंत्रं घेतात, स्वतःचा प्रकल्प बंद करतात. परवान्यातली ओळ न्यायालयात उपयोगी पडेल. त्या माणसांसमोर पडणार नाही. आणि मागे कंपनी असेल, आधार विकून पैसे मिळत असतील, तर ‘आम्ही स्वयंसेवक’ ही ढाल तिने धरूच नये.

कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक खोड दिसते. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक कंपनीने आपल्या इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरचा परवाना मुक्तस्रोताच्या मान्य व्याख्येबाहेर नेला, आणि त्या घोषणेचा मथळा मोकळेपणावर दुप्पट भर देण्याचा होता. कारणं होती, ॲमेझॉनशी झगडा होता, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण दार लोटून घेताना ‘स्वागत’ची पाटी लावली की लोक कारणं वाचतच नाहीत. ॲमेझॉनने ओपनसर्च ही वेगळी चूल मांडली. २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला तेव्हा ओपनटोफू निघालं, २०२४ मध्ये रेडिसचा बदलला तेव्हा व्हॅल्की. लोकांना वाईट बातमी पचते. तिला लावलेलं अत्तर पचत नाही.

आपल्याकडची परिस्थिती आणखी एका थराखाली आहे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालतं. ते वापरणारा ग्रंथपाल असतो, पण सूचना वाचतो तो बसवून देणारा. त्याने सांगितलं तर सांगितलं. फायरफॉक्सचे, लिबरऑफिसचे मेनू मराठीत आहेत. ते करणाऱ्या स्वयंसेवकांचे उपकारच आहेत. पण काय बदललं, काय बंद होणार, कधीपर्यंत काय करायचं, हे सगळं बहुधा इंग्रजीतच राहतं. म्हणजे रोजचं काम मायबोलीत आणि धोक्याचा इशारा परभाषेत. विकिमीडियाने यावर एक साधी पद्धत बसवली आहे: विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमधल्या बदलांचं ‘टेक न्यूज’ दर आठवड्याला निघतं, मुद्दाम सोप्या इंग्रजीत, भाषांतर करायला सोयीचं पडावं म्हणून, आणि स्वयंसेवक ते आपापल्या भाषेत आणतात.

असं भाषांतर करायला प्रोग्रामर असावं लागत नाही. सगळ्या रिलीज नोट्स मराठीत आणायची हौसही नको. ते कुणी वाचणार नाही आणि करणारा सहा महिन्यांत दमेल. डेबियन ज्या ओळी न्यूज फाइलमध्ये घालेल तेवढ्याच घ्याव्यात. कुठल्या तारखेनंतर काय चालणार नाही, जुन्या फाइली उघडतील का, आधी कशाची प्रत काढून ठेवायची. एका आवृत्तीमागे फार तर अर्ध्या पानाचं काम आहे. ते मुदतीच्या सहा महिने आधी व्हावं, आणि मेनूचं मराठी करणाऱ्या गटांनीच हातात घ्यावं. शब्द त्यांच्याकडे तयार आहेत.